त्याला ‘सर’ म्हणता येईल का?

बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. १९९९पासून अनुदानित शाळेत मराठी-इतिहास शिकवताय, वय ४९, घर जुळे सोलापूरला. आता एलएलबी करून वकिली करायची आहे. मिस्टर म्हणतात, “या वयात काळा कोट कशाला?” तुम्हाला मात्र वेगळंच खुपतंय. ज्याच्याकडे ज्युनियर म्हणून जाता येईल, तो वकील तुमच्याच नववी ‘ब’मधला.

मिस्टरांचं आधी बघू. सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, वय आडवं येत नाही. सीईटी, तीन वर्षं कॉलेज, मग सनद आणि बार परीक्षा. खुल्या वर्गासाठी सनदेची फीसुद्धा सुप्रीम कोर्टाने २०२४मध्ये ७५० रुपयांवर आणली. हायकोर्टासाठी मुंबईच गाठायची असंही आता राहिलं नाही, ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.

खरा घोर पैशाचा. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, पेन्शन चालते. स्वेच्छानिवृत्तीला लागणारी तुमची २० वर्षं केव्हाच भरलीत आणि नोकरी नोव्हेंबर २००५च्या आधीची, म्हणजे जुन्या पेन्शनमधली. त्याचा हिशोब शाळेच्या क्लार्ककडून लेखी घ्या, तोंडी नको. सुरुवातीची वर्षं ज्युनियरला मिळतं ते पेट्रोलला पुरलं तरी खूप. नोकरी ठेवून कॉलेजची हजेरी ‘मॅनेज’ करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. उद्या दुसऱ्यांच्या खोट्या सह्या तुम्हालाच पकडायच्या आहेत.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंत, माहेर अक्कलकोटकडचं, कन्नड घरचंच. अहो, हेच तर भांडवल! वाटणीच्या दाव्यातली म्हातारी वकिलासमोर बसते, तो मराठीत विचारतो, ती नुसती मान हलवते आणि कैफियतीत, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी उत्तरात, भलतंच उतरतं. तिच्या बोलीत “जेवलीस का” विचारणारं कुणी भेटलं, तर सातबाऱ्याखाली पिशवीच्या तळाशी जपलेला जुना स्टॅम्पपेपरही ती काढून देईल.

मे महिन्यात कोर्ट बघून येऊ म्हणाल, तर तेव्हा त्यांनाही सुट्टी. एक किरकोळ रजा टाका आणि जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसा. पुकारा झाला की ज्युनियर उठतो, “सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत” म्हणून तारीख मागतो. मग रोजनामा (तारखेला काय झालं त्याची नोंद) बघा, कागदांच्या नकलेचा अर्ज द्या, परत धावत या. एवढी वर्षं वर्गाला गप्प बसवणाऱ्या बाईंना हे जमेल का, ते त्या बाकावरच कळेल.

आणि तो विद्यार्थी? मला तरी तोच बरा वाटतो. अनोळखी सिनियर वयाचा मान राखून तुम्हाला कामच सांगायचा नाही. याला तुमच्या लाल पेनाची सवय आहे, अर्जातल्या चुका दाखवल्यात तर चिडणार नाही. फक्त पक्षकारांसमोर तुम्हाला त्याला ‘सर’ म्हणावं लागेल आणि तो सवयीने ‘बाई’च म्हणेल. त्याला एकदा चहाला बोलवा, पहिल्यांदा हेच बोलून घ्या. मिस्टरांना तेवढा वेळ भाजी आणायला पाठवा.