आधी उलटं करा, मग बसा : जुन्या स्टुलांवरचे तुमचे प्रश्न

यावेळी जुनी स्टुलं, खुर्च्या, बाक यांच्यावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात. नावं गाळलीयेत आणि प्रश्न छाटलेत, एक पत्र तर चार पानी होतं आणि त्यात साडेतीन पानं विकणाऱ्याच्या स्वभावाबद्दल होती.

प्रश्न : एक छोटं लाकडी स्टूल मनात भरलंय. विकणारा म्हणतो दीडशे वर्षं जुनं, अस्सल अँटिक. खरं की खोटं कसं ओळखायचं? आणि अँटिक आणि व्हिंटेजमध्ये नेमका फरक काय?

फरकाचं पटकन उरकते. साधारण शंभर वर्षं झाली की अँटिक, असा प्रघात आहे. अमेरिकेच्या कस्टमवाल्यांनी तर आधी १८३० च्या आधी बनलेलं तेच अँटिक अशी रेघ मारली होती, मग १९६६ मध्ये तेही शंभर वर्षांवर आले. व्हिंटेजला अशी रेघच नाही, वीस वर्षांच्या वस्तूलाही लोक बिनधास्त व्हिंटेज म्हणतात, त्यामुळे त्या शब्दाचे जादा पैसे देऊ नका.

आता स्टूल. पहिलं काम म्हणजे ते उलटं करा. वरची बाजू सगळे घासूनपुसून चमकवतात पण खालच्या बाजूकडे कोणी बघत नाही, म्हणून खरी हकीकत तिथेच सापडते. हाताने रंधा मारलेल्या फळीवरून बोटं फिरवली तर हलक्या लाटा लागतात. अर्धगोल ओरखडे एकाच वळणाने गेलेले दिसले तर ते गोल पात्याच्या मशीन करवतीचे, म्हणजे फळी बहुतेक एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची. मग स्क्रू बघा. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्क्रूचं टोक बोथट असायचं आणि डोक्यावरची खाच बऱ्याचदा मधोमध नसायची. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू तर १९३० च्या दशकात आला, तो दीडशे वर्षं जुन्या स्टुलात दिसला तर एकतर दुरुस्ती झालीय नाहीतर कोणीतरी थाप मारतंय. पण एका स्क्रूवरून निकाल लावू नका हं, दुरुस्ती होणं हा काही गुन्हा नाही.

माझी आवडती परीक्षा वेगळीच आहे. सीट गोल असेल आणि अखंड लाकडाच्या फळीची असेल (प्लायला हे लागू नाही) तर टेप घेऊन दोन्ही दिशांनी मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच, त्यामुळे खूप जुनी गोल सीट काही मिलिमीटर का होईना पण लंबगोल झालेली असते. परकार लावल्यासारखी गोल निघाली तर शंका घ्यायला जागा आहे.

आणि झीज. लोक पाय कुठे ठेवतात? पुढच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे झीज तिथे जास्त हवी आणि तीही वेडीवाकडी, कारण माणसं काही मोजून पाय ठेवत नाहीत. चारही पट्ट्या सारख्याच झिजलेल्या असतील तर ते काम काळाने नाही, सॅंडपेपरने केलंय.

प्रश्न : तीन पायांचं स्टूल घ्यावं की चार? तीन पायांचं पडतं म्हणतात.

पडतं हेही खरं आणि घेण्यासारखं आहे हेही खरं. तीन टोकं कुठल्याही जमिनीवर एकदम टेकतात म्हणून तिवई कधी डगमगत नाही, गाईम्हशींचं दूध काढायला पूर्वीपासून तीच वापरतात ती उगाच नाही, गोठ्यातली जमीन सपाट थोडीच असते. पण दोन पायांच्या मधल्या बाजूला वजन गेलं की ती चटकन कलंडते. बसायला घ्या, चढून बल्ब बदलायला नको.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या ओट्याला लावून बसायला दोन जुनी उंच स्टुलं घेतली, घरी आणल्यावर कळलं की गुडघे आत जातच नाहीत. पाय कापून घेऊ का?

थांबा, करवत खाली ठेवा! सीटचा वरचा पृष्ठभाग आणि टेबलाची खालची कड यात २५ ते ३० सेंटिमीटर अंतर लागतं, हे सूत्र लक्षात ठेवलं की बाकी सगळं आपोआप येतं. जेवायचं टेबल ७५ च्या आसपास, तर सीट ४५. ओटा ९० चा तर सीट ६० ते ६५. बारसारखा १०५ चा काउंटर असेल तर ७५. तुमची स्टुलं बहुतेक त्या शेवटच्या मापाची आहेत.

पाय कापले की पट्ट्यांचं आणि पायांचं प्रमाण बिघडतं, किंमत उतरते आणि ते परत जोडता येत नाहीत. त्यापेक्षा कोणाशी अदलाबदल करा. उलटी अडचण जास्त येते खरं तर, जुन्या खुर्च्यांचे पाय झिजून किंवा कुजून आधीच कोणीतरी कापलेले असतात, त्या बुटक्या निघतात, पण तिथे तीनचार सेंटिमीटरची गादी टाकली की काम भागतं. म्हणून खिशात टेप ठेवा, मी सुद्धा एकदा नुसत्या नजरेवर भरवसा ठेवून फसलेय, ते स्टूल आता कुंडीखाली आहे.

प्रश्न : आजोबांच्या वेळच्या खुर्चीला बारीक भोकं आहेत, खाली पावडर पडते. फेकून द्यावी का?

आधी एवढंच बघा की किडा आत जिवंत आहे की भोकं जुनीच आहेत. लाकूड पोखरणाऱ्या नेहमीच्या किड्याचं भोक १ ते २ मिलिमीटरचं असतं आणि ते किडा बाहेर पडतानाचं असतं, म्हणजे भोक दिसलं तेव्हा त्याची अळी आत काही वर्षं राहून गेलेली असते. जुन्या भोकाच्या कडा काळपट असतात, ताज्या भोकाचा आतला भाग फिकट दिसतो. खुर्ची काळ्या कागदावर ठेवा, हलकेच टकटक करा, सगळी पावडर पुसून टाका आणि दोनतीन आठवडे तशीच राहू द्या. नवी पावडर पडली तर किडा आहे असं धरून चला आणि तोवर ती बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवा.

छोटं स्टूल असेल तर एक सोपा उपाय आहे, प्लॅस्टिकमध्ये नीट हवाबंद गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर किमान दोन आठवडे, म्युझियमवालेही गोठवण्याचा मार्ग वापरतात. मोठ्या खुर्चीला जाणकार पेस्ट कंट्रोलवाला बोलवा. आणि सांध्यांपाशी टाचणी टोचून बघा, लोण्यात गेल्यासारखी गेली तर ती खुर्ची बसण्यातून गेली, आजोबांची आठवण म्हणून कोपऱ्यात ठेवा.

जाता जाता अजून एक गंमत. हे किडे लाकडाच्या आत बोगदे करतात, पृष्ठभागावरून नाले खणत जात नाहीत. एखाद्या "जुन्या" स्टुलावर असे उघडे अर्धे बोगदे दिसले तर समजायचं की किडलेलं जुनं लाकूड नंतर कापून हे स्टूल बनवलंय.

प्रश्न : सांधे ढिले झालेत. सुतार म्हणाला दोन खिळे मारतो, झालं काम. मारू देऊ का?

अजिबात नाही. खिळ्याने लाकूड चिरतं, थोड्या दिवसांनी तो सांधा परत हलायला लागतो आणि तेव्हा आत दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही. जुन्या फर्निचरमध्ये बहुतेक सरस असतो, प्राण्यांच्या कातड्याहाडांपासून केलेला, आणि तो ऊब आणि ओल लागली की मऊ होतो, म्हणजे सांधा न तोडता उघडता येतो. जुना सरस साफ करून नवा लावायचा, शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) आवळायचं, रात्रभर ठेवायचं. इपॉक्सी, म्हणजे कायमचा घट्ट बसणारा रासायनिक गोंद, भरला की पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याची वाट बंद.

खर्चाचं मात्र आधी विचारून घ्या, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही. एखादा सांधा ढिला असेल तर खुशाल घ्या. सगळेच ढिले असतील आणि एक पाय नंतर बदललेला असेल तर जीव गुंतला असल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : वेताची सीट खाली लोंबतेय, विणून घ्यावी लागेल का?

वेत तुटला नसेल तर आधी हे करा : खुर्ची उलटी करून वेताच्या खालच्या बाजूला ओलं फडकं अर्धा तास ठेवा आणि मग सावलीत वाळू द्या, वेत वाळताना ताणला जातो. तुटला असेल तर चौकटीकडे बघा. कडेने एकेक भोक असेल तर ती हाताने विणलेली, तिला खूप तास लागतात आणि तसेच पैसेही लागतात. भोकांऐवजी सलग खोबण असेल तर तयार विणलेला तुकडा ठोकून बसवलाय, ते बदलणं सोपं. आणि वेतावर उभं राहू नका, मांजरालाही सांगा.

प्रश्न : वाकवलेल्या लाकडाची कॅफेतली असते तशी खुर्ची मिळतेय, थोनेटची आहे म्हणतात.

असेलही, नसेलही. मायकेल थोनेट हा वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांसाठी गाजलेला फर्निचर कारागीर, त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची, बीचचं लाकूड वाफेवर वाकवून केलेली, सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढंच, सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. पण पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि मग बऱ्याच कारखान्यांनी तशाच खुर्च्या काढल्या, त्यातल्या कित्येक उत्तम आहेत. सीटच्या कडेखाली कागदी लेबल किंवा शिक्का शोधा. नाही मिळाला तर थोनेटची किंमत देऊ नका, खुर्चीची द्या. आणि घेण्याआधी पाच मिनिटं बसा, जरा मागे रेला, इकडेतिकडे हला, करकर ऐकू आली तर कुठून येतेय ते वाकून बघा. विकणारा तोंड वाकडं करेल, करू दे.