पहिलं पितळी इंजिन: आधी चासी, मग बॉडी

पितळी पत्र्यांच्या किटमधून वाफेच्या रेल्वे इंजिनाचं मॉडेल जोडायचं असेल, तर पहिल्याच किटला बाहेर सिलिंडर असलेलं मोठं इंजिन घेऊ नका. ग्रेट वेस्टर्न या ब्रिटिश रेल्वे कंपनीचं ५७०० क्लास पॅनिअर टँक (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेलं इंजिन) घ्या. १९२९ ते १९५० या काळात अशी ८६३ खरी इंजिनं बांधली गेली. सहा चाकं, सिलिंडर आत, बाहेर फक्त कपलिंग रॉड, म्हणजे चाकांना एकमेकांशी जोडणारे दांडे.

पत्रा वाकवण्यासाठी दिलेली अर्धवट कोरलेली रेघ घडीच्या आतल्या बाजूलाच ठेवा. उलटी वाकवलीत तर माप बिघडतं. पितळ ग्लासफायबर ब्रशने चकचकीत घासा, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) लावा, आधी दोन टोकांना सोल्डरचे टिपके द्या, काटकोन तपासा, मगच सांधा भरा. मोठे जोड १८८ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या सोल्डरने, बारीक तुकडे १४५ च्या, म्हणजे शेजारचा जोड सुटत नाही. फ्लक्स त्याच दिवशी धुवा. माझ्या पहिल्या चासीवर आठवड्यात हिरवा थर चढला होता, फार वाईट वाटलं.

खरी मेहनत चाकांची. बेअरिंगची अंतरं कपलिंग रॉडच्या भोकांवरूनच जुळवा. डाव्या-उजव्या क्रँकमधला, म्हणजे चाकांवर रॉड बसतो त्या खुंट्यांमधला, ९० अंशांचा कोन तिन्ही ॲक्सलना तंतोतंत सारखा हवा. मोटर न लावता चासी काचेवर बोटाने ढकला. अडली तर आधी तो कोन तपासा, तो बरोबर असेल तरच रॉडचं भोक कानशीने किंचित मोठं करा.