कोल्हा बोलायच्या आधीच कसा कळतो?

प्रश्न: ताई, माझ्या आठ वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा झूटोपिया दाखवला, कोल्हा धड काही बोललाही नव्हता तर ती म्हणाली, आई हा लबाड आहे! नुसतं बघून प्राण्याचा स्वभाव असा कसा काय कळतो?

उत्तर: लेकीने डोळे बघितले त्याचे! डिस्नेच्या या 2016 च्या सिनेमात निक कोल्ह्याच्या पापण्या बहुतेक वेळ अर्ध्या मिटलेल्या, टाय सैल, म्हणजे "मला सगळं माहितीय" टाइप माणूस, तो आपल्या ओळखीचाच असतो. खऱ्या सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात पण सिनेमातल्या ज्युडी सशिणीचे समोर आणलेत, वर भुवया दिल्यात, कारण समोरच्याला काय वाटतंय हे आपण तिथूनच वाचतो. कान मात्र सशाचेच ठेवलेत आणि मला तेच सगळ्यात आवडतं, ती हिरमुसली की कान मागे पडतात, पाठमोरी असली तरी कळतं.

अजून एक, लेकीशी हे नक्की बोला. कोल्हा म्हणजे लबाड हे आपण लहानपणीच्या गोष्टींपासून ऐकत आलोय आणि सिनेमा नेमका तिथेच हात घालतो. छोट्या निकला स्काउट व्हायचं असतं, नवा युनिफॉर्म घालून एवढ्या हौसेने जातो बिचारा, आणि बाकीची पोरं केवळ तो कोल्हा म्हणून त्याला मुसकं बांधतात. त्या सीनमधले त्याचे डोळे बघा, टक्क उघडे, मोठ्ठे. अर्धी पापणी नंतर आलीय.