जेवणाआधी पाणी, जेवणानंतर साबण : हात धुण्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी जेवायला बसण्यापूर्वी सगळे हातावर पाणी घेतात आणि जेवण झाल्यावर साबणाने हात धुतात. हात दिसायला स्वच्छ असतील, तर एवढे पुरेसे नाही का? (गृहिणी, सातारा)

उत्तर : पुरेसे नाही, आणि क्रमही नेमका उलटा झाला आहे. जेवणानंतरचा साबण रश्श्याचा तवंग आणि वास घालवतो. जुलाब, विषमज्वर, अ प्रकारची कावीळ यांचे जंतू मात्र विष्ठेतून हातावर आणि हातावरून तोंडात जातात, म्हणजे त्यांना अडवायचे तर ते घास उचलण्यापूर्वीच अडवावे लागते. त्वचेवरच्या तेलकट थरात हे जंतू चिकटून बसतात, त्यामुळे नुसत्या पाण्याने त्यांतले काहीच वाहून जातात. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढले जाते. चोळताना हा थर सुटतो आणि जंतूंसह पाण्याबरोबर निघून जातो. करोनासारख्या ज्या विषाणूंभोवती मेदाचे वेष्टन असते, त्यांचे ते वेष्टनही साबणाने फाटते.

आणखी एक गोष्ट म्हणजे जेवणाआधी आपल्याकडे बहुधा उजव्या हाताची बोटेच ओली होतात, पण पाण्याचे भांडे आणि वाढण्याचा डाव डाव्या हातातच असतो. दोन्ही हातांना फेस आणून तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोके किमान 20 सेकंद चोळावीत. सर्वांत जास्त विसरतात ते अंगठे आणि नखे. कणीक मळल्यावर नखांत अडकलेले पीठ किती चिवटपणे बसून राहते, ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे आणि जंतूंचेही तसेच आहे. शौचाहून आल्यावर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी आणि लहान मुलाची शी धुतल्यावरही असेच हात धुवावेत. तान्ह्या बाळाच्या शीपासून काही होत नाही, हा समज चुकीचा आहे.

प्रश्न : जंतुनाशक साबण महाग असतो. तोच घ्यावा का? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : घरासाठी मुळीच गरज नाही. कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये काही कुटुंबांना साधा, तर काहींना जंतुनाशक साबण देऊन हात धुण्याची शिकवण दिली गेली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनियाचे प्रमाण साबण न दिलेल्या वस्त्यांच्या तुलनेत निम्म्यावर आले, जुलाबही जवळपास निम्म्याने घटले आणि दोन्ही साबणांत काहीच फरक आढळला नाही. पुढे 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह 19 जंतुनाशक घटकांना अशा घरगुती साबणांत मज्जाव केला, कारण ते साध्या साबणापेक्षा सरस असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता.

प्रश्न : सॅनिटायझर लावला, तर हात धुतले नाहीत तरी चालेल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : प्रवासात चालेल, मात्र त्यात किमान 60 टक्के अल्कोहोल असावे आणि हात कोरडे होईपर्यंत तो चोळावा. हात मळलेले किंवा तेलकट असतील, तर त्याचा उपयोग कमी होतो. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोविषाणूला मेदाचे वेष्टन नसल्याने अल्कोहोल त्याच्यावर फारसे प्रभावी ठरत नाही, म्हणून घरात कोणाला उलट्या-जुलाब होत असतील, तेव्हा साबण आणि पाणीच वापरावे.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरने पाणी येते. हात धुण्यासाठी पाणी कुठून आणायचे? राख किंवा माती चालेल का? (शेतकरी, बीड जिल्हा)

उत्तर : आपली अडचण खरी आहे, पण हात धुण्याला लागणारा वेळ चोळण्यात जातो आणि चोळताना पाणी लागत नाही. हात ओले करून तांब्या खाली ठेवावा, फेस आणून चोळावे आणि मग दुसऱ्या कोणी बारीक धार धरावी. एकट्याने धुवायचे असल्यास प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला छिद्र पाडून ती उलटी टांगली, तरी काम भागते. बादलीत हात बुडवून धुणे मात्र टाळावे, आणि रांजणातले पिण्याचे पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे, नाहीतर एकाच्या हातावरचे जंतू घरभर पोहोचतात. साबण अजिबातच नसेल, तर चुलीतली स्वच्छ राख घ्यावी, मात्र तिचा गुण साबणाइतका सिद्ध झालेला नाही. मातीत जंतांची अंडी असू शकतात, म्हणून ती वापरू नये.

प्रश्न : सून बाळंतपणासाठी रुग्णालयात आहे. डॉक्टरांना किंवा परिचारिकांना ‘हात धुतले का’ असे विचारणे उद्धटपणाचे होईल का? (सासूबाई, ठाणे)

उत्तर : अवश्य विचारावे. हात धुण्याचा वैद्यकशास्त्रातील सर्वांत ठळक धडा बाळंतिणींच्याच कक्षातून आला आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात 1847 मध्ये इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांच्या लक्षात आले, की सुईणी सांभाळत असलेल्या विभागापेक्षा शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने (बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने येणाऱ्या तापाने) कितीतरी अधिक स्त्रिया दगावतात. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली, आणि एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे 2 टक्क्यांवर आले. तरीही, आपलेच हात रोग पसरवतात हे मान्य करणे अनेक सहकाऱ्यांना जड गेले. आज प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि केल्यानंतर हात स्वच्छ करणे हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियमच आहे. तेथे अल्कोहोलयुक्त द्रव चालतो, हातमोजे मात्र त्याला पर्याय नाहीत.

हीच शिस्त घरी आल्यावरही लागू आहे. बाळाला तेल लावायला येणाऱ्या बाई चार घरे फिरून येतात; त्यांना अंगठ्या-बांगड्या उतरवून कोपरापर्यंत साबणाने हात धुण्याची विनंती पहिल्याच दिवशी करावी आणि त्यासाठी मोरीपाशी साबण व धुतलेला कोरडा पंचा तयार ठेवावा.