बाल्कनीत चिमण्यांसाठी प्लॅस्टिक न वापरता, घरच्या घरी दाण्याचं फीडर कसं करता येईल?

ज्वारी-बाजरीच्या कणसांची जुडी बांधून टांगायची. झालं. याला यूट्यूब लागत नाही आणि आइस्क्रीमच्या काड्या तर मुळीच लागत नाहीत.

तुम्ही ‘प्लॅस्टिक न वापरता’ असं मुद्दाम लिहिलंय म्हणून उत्तर द्यायला बसले, कारण आमच्या घरात यावरून बरीच वर्षं महाभारत चाललंय. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. काळी जमीन, रब्बीची मालदांडी ज्वारी. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, चिमण्यांनी ते फार आधीच देऊन टाकलं होतं. फाल्गुनात काढणी झाली की मळणीआधी आजी चांगली टपोरी कणसं देठासकट बाजूला काढायची आणि त्यांची जुडी ओसरीच्या आढ्याला लटकवायची. शेतात राखणीला आम्ही पोरं माळ्यावर गोफण घेऊन उभी, आणि तीच पाखरं घरी आली की पाहुणी. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

लग्न होऊन पुण्यात आले आणि बाल्कनीच्या ग्रिलला अशीच जुडी बांधली. आमचे धाकटे भाऊजी इंजिनिअर. बघताक्षणी म्हणाले, “वहिनी, हे काय गावठी? कचरा किती पडतोय!” पुढच्या रविवारी कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घेऊन हजर. तिला आरपार भोकं, भोकांत लाकडी चमचे, आत विकतची बाजरी आणि राळं. दिसायला झकास, नाही म्हणत नाही. सगळ्या नातेवाइकांना फोटो गेले, कौतुक झालं. मी चहा केला आणि गप्प बसले.

चमचा जरा हलला की चिमणी भुर्र. दाणे मात्र चमच्यांवरून घरंगळून खाली कठड्यावर सांडायचे आणि ते टिपायला पारवे. आधी एक जोडी, मग तिचं सगळं गणगोत. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे पापड वाळत होते, त्यांचं काय झालं ते इथे लिहीत नाही. मग वळीव आला. भोकांतून पाणी आत गेलं, बाजरी फुगली, चमच्यांच्या कडेनं पांढरे मोड बाहेर डोकावायला लागले आणि तळाशी काळ्या बुरशीचा गोळा झाला. बाटली उतरवून मीच धुतली, कारण भाऊजी तेव्हा साइटवर होते. ते नेहमी साइटवरच असतात.

जुडीवर पारवा येत नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची, झुलत्या कणसाला नखांनी धरून उलटीपालटी होत दाणा काढते. ठिपकेवाली मुनिया तर याहून पटाईत. पारवा चिमणीच्या दसपट वजनाचा, त्याला पाय टेकायला सपाट जागा लागते. ताट, फळी, ट्रे असं काही ठेवलंत की पारव्यांना आवतण दिलंत म्हणून समजा. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढं रान उठलं, दादरचा तर ताडपत्रीनं झाकायची वेळ आली. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीनं फुप्फुसं बिघडतात हे खरंच आहे, तेव्हा सोसायटीवाले ओरडले तर त्यांचं सगळंच चूक नसतं.

बांधायची कशी? देठ वीतभर ठेवायचे, मूठभर कणसं घ्यायची, देठांना सुतळीचे घट्ट वेढे द्यायचे, कणसं खाली लोंबती. देठ वाळले की आकसतात आणि जुडी सुटते, म्हणून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा एकदा आवळायची. उन्हानं सोंडे, म्हणजे धान्यातले किडेही निघून जातात. काणी पडलेलं, म्हणजे दाण्याच्या जागी काळी भुकटी असलेलं कणीस घ्यायचं नाही. सुतळी किंवा काथ्याच वापरा. नायलॉनच्या दोऱ्यात पाय अडकून पाखरू रात्रभर लटकतं.

हंगामाप्रमाणे माल बदलतो. भाद्रपद-आश्विनात बाजरीची कणसं, मग भाताच्या लोंब्या, संक्रांतीला सुगडाच्या सामानात गव्हाच्या ओंब्या मिळतात, आणि नंतर ज्वारी. कोकणात नवान्नाला दाराला नवं बांधतात, त्यातही भाताची लोंबी असतेच. शहरात कणसं मिळत नाहीत म्हणून रडू नका. हुरड्याच्या दिवसांत हुरडावाल्याला सांगितलं तर तो देठासकट देतो, फक्त ती हिरवी कणसं घरी नीट वाळवा. कृषी केंद्रातून पेरणीचं बियाणं आणून मात्र कधीही घालू नका. त्याला थायरम, गंधक असलं काहीतरी बुरशीनाशक चोळलेलं असतं. भाऊजी एकदा ‘दर्जेदार बाजरी’ म्हणून तेच आणायला निघाले होते.

करवंटीचं विचाराल तर ती पाण्याला बरी. दाण्याला वापरायचीच असेल तर तापल्या सळईनं बुडाला भोक पाडा, पाणी साचलं की दाणा सडतो.

कचरा पडतो हे मान्य. कोंडा आणि चार दाणे खाली पडणारच. खाली पोतं अंथरायचं आणि संध्याकाळी झटकायचं. नाही झटकलंत तर तिथेही पारवे येतील, ते आधीच सांगायला हवं होतं. पावसाळ्यात जुडी काढून ठेवा. आमची ओसरी कौलाखाली होती, तुमची बाल्कनी उघडी असणार. आणि दाण्यावर पिल्लं वाढत नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात. म्हणजे कुंडीतल्या झाडांवर औषध फवारायचं आणि शेजारी जुडी टांगायची, याला अर्थ नाही. बुलबुल, साळुंकी हवी असेल तर पपईची फोड ठेवा, ज्वारीला ती फारशी विचारणार नाहीत. घरात मांजर असेल तर हा नादच सोडा.

भाऊजी, हे तुमच्यापर्यंत पोचणारच आहे. पुढच्या महिन्यात पंढरपूरला जाताय ना? येताना मंगळवेढ्याला आमच्या दादाकडे कणसं काढून ठेवली आहेत, ती आणा. देठ मोडू नका, आणि डिकीत बॅगांखाली टाकू नका.