मास्टर चार्टमधले कोरे रकाने

“मॅडम, पेशंट बघणं जमतं हो, थिसिस जमत नाही.” एमडी-एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरांकडून हे वाक्य मी समुपदेशन करताना इतक्यांदा ऐकलंय की एकदा त्यावर लिहायलाच हवं होतं. संशोधन पद्धतीचा आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) ऑनलाइन कोर्स हे सगळे करतात. पण सलग ड्युटीनंतर डोळे मिटत असताना प्रोफॉर्मा, म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या माहितीचा तक्ता, कसा भरायचा, ते त्यात नसतं.

त्यांच्यापैकी एकाची गोष्ट ओळख बदलून सांगते. मराठवाड्यातला, मेडिसिनचा जेआर टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर. विषय: क्षयाच्या नव्या रुग्णांची रक्तातली साखर, निदानाच्या वेळी, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांचे उपचार संपताना. ठरलेले रुग्ण १००. नोंदवले ६२, त्यांतले २३ परत आलेच नाहीत.

“सिनियर म्हणतात, आकडे भरून टाक. सगळेच भरतात.” हे सांगताना त्याची मान खाली होती.

पहिल्या दोन बैठका मी वेळापत्रकावर घालवल्या. उपयोग शून्य. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचाराने काम करते, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातला ‘च’, म्हणजे ‘असं झालंच पाहिजे’ हा हट्ट, शोधायची मला सवय आहे. तो तिसऱ्या बैठकीत सापडला.

“गाइडना का सांगत नाहीस?”

“काय सांगू? आजवर मला उत्तर आलं नाही असं झालेलं नाही. आलंच पाहिजे ना, मॅडम!”

त्याच्या पिशवीत मास्टर चार्टचा, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदी एकत्र असलेल्या तक्त्याचा, घड्यांवर फाटत आलेला कागद होता. मी म्हटलं, “कोऱ्या रकान्यांपुढचे शेरे वाच. नावं नकोत.”

“फोन बंद. तोडीला गेला. तोडीला गेली. फोन बंद. तोडीला...” तो थांबला. बराच वेळ कागदावरून बोट फिरवत राहिला. “बहुतेक जण साखर कारखाने सुरू झाल्यावर गेलेत. दिवाळीच्या सुमाराला.”

“आणि त्यांच्या गोळ्या?”

त्याचे डोळे भरून आले. “हेच विचारायला हवं होतं. मी शुगरचा आकडा शोधत बसलो.”

शाळेपासून पहिला नंबर काढणाऱ्या या मुलांना कोरा रकाना म्हणजे आपलं अपयश वाटतं. खरं तर ती रुग्णाची हकिकत असते. हे त्याला मी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून सोडून दिलं असतं. त्याने स्वतः वाचलं, म्हणून पोचलं. या कामात मला एवढ्याचा अभिमान आहे.

थिसिस करणाऱ्यांनो, रुग्ण मधेच सुटले तर किती आणि का, हे प्रबंधात मोकळेपणाने लिहिता येतं. रुग्णसंख्या कमी करावी लागली तर गाइडशी बोला आणि एथिक्स कमिटीला लेखी कळवा. संख्याशास्त्रज्ञाला शेवटी नाही, सुरुवातीलाच भेटा. अपेक्षित निष्कर्ष आला नाही, तरी तो निष्कर्षच असतो. मनाने भरलेला आकडा मात्र उद्या कुणाच्या तरी उपचारात उतरू शकतो. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर थिसिस बाजूला ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर आधी बोला.

त्याने गाइडना सांगितलं. ते रागावले, मग खुर्ची ओढून चार्ट बघत बसले. पुढच्या वेळी तो आला तेव्हा चार्टमध्ये एक रकाना वाढला होता: ‘सध्या कुठे, गोळ्या चालू का?’ २३ पैकी ९ जणांपुढे ‘हो’ लिहिलेलं होतं. उरलेल्यांचे फोन तो दर रविवारी लावतो.