‘फिजिक्स’ हा शब्द आला कुठून? आणि भौतिकशास्त्रातलं ‘भूत’ कोणतं?

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, पण तुमचा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो शाळेत असताना, एका दवाखान्यात. बाहेर पाटीवर ‘फिजिशियन’ लिहिलेलं आणि आत डॉक्टर मला जीभ बाहेर काढायला सांगत होते. फिजिक्सवाल्याला माझी जीभ कशाला हवी, हे काही केल्या कळेना.

मूळ शब्द ग्रीक, ‘फ्युसिस’. त्याचं भाषांतर ‘निसर्ग’ असं करून आपण मोकळे होतो, पण तो ज्या क्रियापदापासून झाला त्याचा अर्थ उगवणं, वाढणं. ग्रीकमध्ये रोपट्याला ‘फ्युतॉन’ म्हणतात, तेही त्याच मुळातून. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात ‘फ्युसिस’ एकदाच येतो आणि तोही एका वनस्पतीबद्दल. हर्मीस हा देव ‘मोली’ नावाची मुळी उपटून कथानायक ओडिसियसला तिचा फ्युसिस दाखवतो: मूळ काळं, फूल दुधासारखं. इथे ‘निसर्ग’ बसतच नाही. ‘स्वभाव’ बसतो, आणि मला तोच शब्द सगळ्यात जवळचा वाटतो.

अ‍ॅरिस्टॉटलने (इ.स.पू. 384–322) या विषयावर जे लिहिलं ते ‘ता फ्युसिका’, म्हणजे ‘निसर्गाच्या गोष्टी’. हे अनेकवचन आहे, म्हणून इंग्रजीत शेवटी तो ‘स’ लटकलेला दिसतो, मॅथेमॅटिक्ससारखाच. त्यात एक मजेदार उदाहरण आहे. लाकडी पलंग जमिनीत पुरला आणि समजा त्याला कोंब फुटला, तर वर येईल ते लाकूड. पलंग येणार नाही. पलंगपण बाहेरून लादलेलं, लाकूडपण आतलं. ज्याच्या हालचालीचं आणि बदलाचं कारण त्याच्या आतच असतं, ते फ्युसिसचं. मग त्यात झाडं आली, जनावरं आली, पडणारा दगडही आला. वर्गात मी न्यूटनच्या आधी हा पलंग सांगतो. न्यूटन विसरणाऱ्यांनाही पलंग आठवतो.

पुढे लॅटिनमार्गे युरोपात शरीराचा स्वभाव जाणणारा वैद्यही याच शब्दाने ओळखला जाऊ लागला आणि इंग्रजीत ‘फिजिक’ म्हणजे औषधोपचार असा अर्थ रुजला. आपण ज्याला फिजिक्स म्हणतो त्याला तेव्हा ‘निसर्गाचं तत्त्वज्ञान’ म्हणत. न्यूटनच्या 1687 च्या ग्रंथाच्या नावात तेच आहे. ‘फिजिसिस्ट’ हा शब्द तर 1840 मध्ये विल्यम ह्युएल या इंग्रज विद्वानाने मुद्दाम घडवला, कारण ‘फिजिशियन’ डॉक्टरांनी आधीच घेतला होता. विजेवर संशोधन करणाऱ्या फॅरडेला तो उच्चारायलाच अवघड वाटला.

आता भूत. संस्कृत ‘भू’ म्हणजे होणं, असणं. ‘भूत’ म्हणजे जे झालं ते. म्हणून भूतकाळ, म्हणून भूतदया, म्हणून पंचमहाभूतं, आणि पिंपळावरचं तेही, बिचारं होऊन गेलेलं. पंचमहाभूतांवरून भौतिक. ‘फ्युसिस’मधला ग्रीक ‘फ्यु’ आणि संस्कृत ‘भू’ हे एकाच मूळ धातूचे दोन अवतार आहेत. संस्कृत ‘भ’च्या जागी ग्रीकमध्ये ‘फ’ दिसणं हा नियमच आहे: भ्रातृ–फ्रातेर, नभस्–नेफॉस. इंग्रजीतला ‘बी’ (असणे) याच घरातला. आपलं ‘होणं’सुद्धा, कारण ‘भवति’चं प्राकृतात ‘होइ’ झालं.

यावरून लगेच ‘फिजिक्स शब्द आपणच दिला’ असा फॉरवर्ड बनवू नका. ग्रीकांनी संस्कृतातून घेतला नाही आणि आपणही ग्रीकातून नाही. दोघी बहिणींना आजीची एकेक बांगडी मिळाली, इतकंच. ‘भौतिकशास्त्र’ हा शब्द पंचमहाभूतांकडे बघून झाला आहे, ग्रीककडे बघून नव्हे. दोन्ही शब्द समोरासमोर आले हा योगायोग.

‘पदार्थविज्ञान’ मात्र वेगळ्या वाटेने आलं. पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ, ज्याला नाव देता येतं ते. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात द्रव्याबरोबर गुण आणि कर्म हेही पदार्थच आहेत, त्यामुळे वेग किंवा उष्णता यांचा अभ्यासही त्या नावात नीट मावतो. मला मनापासून हा शब्द आवडतो. पण पोरांना पदार्थ म्हटलं की बटाटेवडा आठवतो, काय करणार.

आणि ती दवाखान्याची पाटी. तो गोंधळ एकट्या इंग्रजीचा नाही. अरबीत निसर्गाला, स्वभावाला ‘तबीअत’ म्हणतात. त्यावरून उर्दूत फिजिक्सला ‘तबीइयात’ हा शब्द आहे, आणि त्यावरूनच मराठीत आली ती तब्येत, जी बघायला ते डॉक्टर माझी जीभ बाहेर काढत होते.